तुहा अमेरिकेचा पिक्चर मी चालू देनार नाही

मामा, तुले जाऊन पुरता पंधरवडा बी नाही झाला अन् या लोकाइनं तुहा अमेरिकेचा पिक्चर काढला.

मंगळवारी शाळेच्या पटांगनात तुही शोकसभा होती. टेबल, टेबलावर चादर, चादरीवर तुहा फोटो. फोटो तोच, टुरिंग टाकीजच्या तंबूसमोर मायकाचा भोंगा कवेत घेऊन काढलेला. त्याच्यात भोंगा जास्त दिसते अन् तू कमी. हार कोनाले घातला, तुले का भोंग्याले, हे मले शेवटपर्यंत समजलं नाही. खाली सतरंजीवर आपली वस्ती, मांगं खुर्च्याइवर गाव. अन् भाषन कोनाचं, तर बापूसाहेबाचं. ज्या पाटलाच्या मौतीचा सांगावा न्याले तू नाही म्हनलतं, त्याच पाटलाचा पोरगा.

काय बोलला ते सांगतो. पन शेवट पहिले सांगनाऱ्याले तू तंबूबाहेर काढे, म्हनून पहिल्या रिळापासून येतो. तुले सगळं माहीत आहे, तरी आयक. मी बी तुह्या गोष्टी शंभरदा आयकल्या अन् दरवेळी पहिल्यांदा आयकल्यासारखं तोंड केलं.

आपला धंदा सांगाचा तर लय सोपा होता. शेटचा तंबू पुसदले लागे, ढाणकीले लागे, मुकुटबनले लागे. हिंदी पिक्चर असला तर आपल्याले सुट्टी. इंग्रजी असला की पडद्याच्या बाजूले खोक्यावर तू, तुह्या हाती मायक, अन् तुह्या पायापाशी मी, तुह्या बहिनीचा मॅट्रिक झालेला दिवटा. रहमानभाई मशीनपासून आवाज कमी करे अन् तू आपल्या बोलीत चालू होये. "हे पाहा बावा, हा जो टोपीवाला आहे ना, हा सासऱ्याचं घर लुटाले चालला अन् त्याले माहीत नाही का सासरा घरीच आहे." तू सांगनारा, मी आवाजवाला. बाई बोलली की मी, बुढा खोकलला की मी, घोडा, कोंबडा, मोटार, दार, सगळं मी. पुसदच्या शाळेत हेडमास्तरचा आवाज काढला म्हनून मले वर्गाबाहेर उभं करत. तुह्याजवळ आलो तर तू म्हने, "बाहेर कायले? आत उभा राह्य, अन् जोरात काढ." जगात मले असं म्हननारा तू एकटाच भेटला.

सांगाचं कसब तुले कुठून आलं, हे मी एकदा इचारलं. तू हासला नाही. म्हने, सांगाव्यातून. गावातल्या मोठ्या घरी मानूस मेला का त्याच्या सोयऱ्याइच्या गावोगाव पायी जाऊन सांगाचं काम आपल्या वस्तीचं. तुह्या आज्यानं केलं, बापानं केलं, मिसरूड फुटाच्या आधीपासून तू केलं. ऊन असो, नाल्याले पूर असो. तू म्हने, "एकदम नाही सांगाचं. पहिले पीकपानी इचाराचं. मंग म्हनाचं, बुढ्याची तब्येत जराशी नरम होती. मंग थांबाचं. समोरचा आपल्या तोंडाकडं पाहते, अन् त्याले आपोआप समजते. 'मेला' हा शब्द तोंडातून काढाची पाळीच येत नाही." पिक्चरमधी बी तू असाच थांबे. तंबूतले लोक तुह्या थांबन्यावर रडत, शब्दावर नाही. मी लय आवाज शिकलो मामा, पन चूप राहनं फक्त तुह्यापासून शिकलो, अन् ते बी अर्धंच.

मंग तू नागपूरहून दीक्षा घेऊन आला. सारी वस्तीच घेऊन आली. त्याच थंडीत म्हातारे पाटील गेले. सांगावा कोन नेते म्हनून मानूस बोलवाले आला. तू खाटेवर बसला होता. उठला नाही. म्हनला, "ते काम आता आमचं नाही." एवढंच. शिवी नाही, भाषन नाही. त्याच्यानंतर आपल्यासाठी पिठाची गिरनी बंद, दुकान बंद, वावरातलं काम बंद, ढोराइचा रस्ता बंद. मामी सांगते, दळन डोक्यावर घेऊन ढाणकीले जा लागे. तवाच तू टाकीजमधी आला. शेटले सांगनारा पाह्यजे होता अन् तुले गावाच्या हाताबाहेरचं पोट.

आता त्या डब्याचं. शेटनं नागपूरहून एक डबा सस्त्यात उचलून आनला. वरची अक्षरं पाहून म्हने, "ये किसने चींटियाँ छोड़ दीं?" कोनाले वाचता येईना. लावून पाह्यला तर जपानचा. काळा-पांढरा, गानं नाही, घोडा नाही, बाई आहे तर ती बी बुढी. खाली इंग्रजी अक्षरं पळत. माहा पहिला शब्द लागे तोवर पुढची ओळ निघून जाये. अर्धं मी तुह्या कानात सांगो, उरलेलं तू तुह्या मनानं.

गोष्ट अशी होती. जपानात डोंगरावर एक गाव. देवळाबाहेर मोठी घंटा, आपल्या ज्वारीच्या कनगीएवढी, दोरावर टांगलेल्या लाकडाच्या ओंडक्यानं वाजवाची. जमीनदाराच्या घरी कोनी मेलं का घंटा वाजवाची. वाजवनारं घर एकच, बापापासून पोराले. आताचा वाजवनारा बुढा, दात पडलेले, नाक गळते. त्याची सोताची पोरगी मेली तवा घंटा वाजली नव्हती, काहून का ती मोठ्या घरची नव्हती. मंग जमीनदार मरते. मानसं बोलवाले येतात. बुढा जाते अन् घंटेखाली बसते. वाजवत नाही. पुढचा सारा पिक्चर एवढाच, का बुढा बसला आहे. कोनी गोड बोलते, कोनी तांदूळ आनून ठेवते, कोनी काठी घेऊन येते. वरून बर्फ पडते. बुढा बोलत नाही.

पहिल्या खेळाले, ढाणकीच्या बाजाराच्या दिवशी, तू सांगता सांगता मधीच बंद पडला. मले वाटलं मायक गेला. वर पाह्यलं तर तुहं तोंड असं झालतं, जसं कोनी न इचारता तुह्या घरचं दार उघडलं. पडद्यावर बुढा बसलेला अन् तू चूप. लोकं वरडले, "अबे सांग ना, काय म्हनते तो?"

तू म्हनला, "काही नाही म्हनत. बसला आहे."

अन् त्याच पिक्चरमधी ते देऊळ. एका जागी देवळाचं दार उघडते अन् आत बुद्ध. पडदाभर. डोळे मिटलेले. समोर जमिनीवर आपल्या बाया बसल्या होत्या. कोनी काही सांगतलं नाही. एक उठली, मंग दुसरी, मंग साऱ्या, मंग मानसं बी. मांगून खुर्चीवाले वरडून राह्यले, "बसा ना खाली, दिसत नाही." कोनी बसलं नाही. बुद्ध पडद्यावरून गेला तवा बसले. दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या वस्त्याइतून बैलबंड्या आल्या, बाया पांढरे लुगडे नेसून. शेट घाबरला. "ये सब एकदम खड़े क्यों हो जाते हैं? आग लगी क्या?" रहमानभाई म्हने, "बैठिए सेठ. उनके घर का आदमी आया है परदे पे."

शेवट तुले मालूमच आहे. सांजची वेळ, बुढ्याच्या टोपीवर बर्फ. जमीनदाराचा पोरगा सोता येते, ओंडक्याचा दोर हाती धरते, बुढ्याकडं पाहते. बुढा मान वर करते. अन् पडदा पांढरा. समाप्त लिहिलेलं नाही, बाजा नाही, काही नाही. तू मायकात म्हने, "नाही वाजवली. चला, घरी जा."

मंग काही वर्षानं अमेरिकेचा आला. पहिल्याच रिळात मी तुह्या पोटरीले चिमटा घेतला, "मामा, हा तर आपला बुढा." हौ, गोष्ट तीच होती. चोरी नाही, वर लिहूनच देल्लं होतं का जपानच्या पिक्चरवरून घेतली म्हनून. पन बुढा कुठं गेला देव जाने. त्याच्या जागी ताडमाड पोट्टा, दात असे का आरसा पाहून घ्या, टोपी अशी का मार खाल्ला तरी पडत नाही. बर्फाच्या जागी धूळ. देवळाच्या जागी गिरजाघर. मेलेल्या पोरीच्या जागी मेलेला भाऊ, अन् वरून जमीनदाराची जिवंत पोरगी, पिवळ्या केसाची, तिचं याच्यावर मन. जपानचा बुढा साऱ्या पिक्चरमधी जेवढा बोलला नाही तेवढा हा एकट्या घोड्यासंगं बोलते.

वस्त्याइत खबर गेली का तोच पिक्चर पुन्हा आला. पहिल्या दिवशी बाया पांढरे लुगडे नेसून हजर. दाराचा सीन आला, बरोब्बर त्याच जागी. साऱ्या उभ्या राह्यल्या. दार उघडलं अन् आतून घोडा निघाला.

तू मायकावर असा हासला का रहमानभाईनं मशीन थांबवली. बाया बी हासल्या अन् बसल्या. एक बुढी तेवढी उभीच. म्हने, "श्रावन, त्याले कुठं नेलं रे?" तू म्हनला, "माय, त्याले अमेरिकेचं पानी मानवलं नाही."

अन् इथून आपलं भांडन. मले अमेरिकेचा आवडला. आजबी आवडते. तू मेला म्हनून तू जिंकला असं नाही, हे पहिलेच सांगून ठेवतो. त्याच्यात मले काम होतं. घोडे, बंदुका, गुत्त्यातली मारामारी, काचा फुटनं, त्या पोरीचं रडनं. जपानच्या पिक्चरमधी मी काय करू, बर्फाचा आवाज काढू? हेच मी तुले म्हनलं तर तू म्हने, "काढून पाह्य." मी रागानं तोंड बंद करून बसलो. तू म्हने, "हा. मस्त काढला."

खरं भांडन शेवटावरून. अमेरिकेच्या पिक्चरमधी गोळीबार होते, जमीनदाराचा पोरगा जखमी होते, आपल्या पोट्ट्याच्या मांडीवर डोकं ठेवून चुकलो म्हनते. अन् हा पोट्टा डोळे पुसत वर चढते अन् घंटा वाजवते. सारं गाव टोप्या काढते. आपल्या तंबूत बी लोकं रुमाल काढत. मी म्हनलं, मामा, यानं नक्कल केली ना? मंग शेवट बी नक्कलच असन. तुह्या बुढ्यानं बी वाजवलीच असन, शेवटचं रीळ आपल्या डब्यात आलंच नसन.

तू म्हने, "नक्कल करनारा सारं घेते, फक्त अवघड असते तेवढं सोडते. तुले नाही माहीत? तू हेडमास्तरचा खोकला काढते, त्याचं गनित काढते का?"

"ते जाऊ दे. रिळाचं बोल."

"रीळ असो का नसो. मी त्याच्या बाजूले बसलो होतो."

"पडद्याच्या?"

"बुढ्याच्या."

मुकुटबनले तर आपन मायक चालू ठेवूनच भांडलो. पडद्यावर घंटा वाजून राह्यली अन् तू सांगून राह्यला, "हे पाहा, हा वाजवते. पन याचा जो मूळ मानूस आहे, त्यानं नव्हती वाजवली." मी खालून, "कशावरून?" लोकाइले वाटलं पिक्चरमधलंच आहे. एक जन मांगून म्हने, "श्रावनभाऊ, भाच्याले बोलू द्या ना, तो बरोबर बोलून राह्यला." तू त्याले म्हनला, "तुले बी अमेरिकेले पाठवतो, थांब." शेट म्हने, असं रोज भांडा.

एक गोष्ट मात्र मी तुले सांगतली नाही. साऱ्याइचे आवाज मी तुह्यासमोर काढले. शेटचा काढला, रहमानभाईचा काढला. मामीचा काढला तवा तिनं लाटनं फेकून मारलं अन् ते तुले लागलं. तू एकदा म्हनला, "माहा काढ ना." मी म्हनलं, "तुहा निघत नाही मामा, लय साधा आवाज आहे." निघते मामा. पहिल्या उन्हाळ्यापासून निघते. नाल्यावर एकटा कपडे धूत असलो का काढत जाओ. बाकीच्याइचा आवाज मी लोकाइले हासवाले काढतो. तुहा कायले काढाचा, हे मले समजत नव्हतं, म्हनून ठेवून देल्ला.

आता तू शेवटी भरती होता त्या पुसदच्या दवाखान्याचं, कारन शोकसभेत जे झालं त्याचं मूळ तिथं आहे. दुपारची वेळ होती. बापूसाहेब आले, हाती केळाची फनी, स्टुलावर बसले. मी तुह्या उशापाशी होतो. जे झालं ते जसंच्या तसं असं होतं.

"काय श्रावन, कसं आहे?"

"आहे."

"जुनं काही मनात ठेवू नको."

"मनात नाही ठेवलं. बाहेरच ठेवलं आहे, साऱ्याइले दिसते."

बापूसाहेब खाकरले. "आमच्या आईची तब्येत बी ठीक नाही. खाटेवर आहे. उद्या काही झालं तर, वस्तीले तू एक शब्द टाकला तर..."

तू थांबला. तेच तुहं थांबनं. मंग म्हनला, "केळं घे, बापू."

"अरे, तुह्यासाठी आनले."

"घे. लांबून आला. भूक लागली असन."

त्याइनं केळं सोललं, खाल्लं बी. उठता उठता इचारलं, "मंग वस्तीले काय सांगू?"

"सांग, श्रावन नाही म्हनला."

ते गेल्यावर तू उरलेली फनी माह्याकडं सरकवली. मंग मले म्हने, "ते रीळ सापडलं तर काय करशीन?" मी म्हनलं, लावून पाहीन अन् तुले हारवीन. तू म्हने, "अन् खरंच वाजवली असन त्यानं, तर?" एवढ्या वर्षात हे तू पहिल्यांदा म्हनला होता. मले मजा वाटाले पाह्यजे होती, पन नाही वाटली. मी म्हनलं, "तर तू काय सांगशीन लोकाइले?" तू डोळे मिटले. म्हने, "मायक माह्या हाती असन ना." अन् तुले झोप लागली. भांडन तिथंच राह्यलं. तू जागा झाला का पुढं चालवू म्हनून मी दोन चांगले मुद्दे काढून ठेवले होते. ते माह्याजवळच आहेत.

तर शोकसभा. बापूसाहेब चांगला बोलला, खोटं कायले सांगू. गळा भरून आलता. म्हने, "श्रावनजी आमच्या गावाचं भूषन." जिवंत होता तवर तू श्रावन्या, जी लावून घ्याले मरावं लागलं. म्हने, "मी दवाखान्यात भेटायला गेलो. श्रावनजींनी माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी. म्हणाले, बापूसाहेब, तुमच्या वडलांच्या वेळी मी चुकलो, मला माफ करा." भाषनात त्याइची बोली बी बदलते, पुस्तकासारखी होते. खुर्च्याइनं माना डोलवल्या. एका बाईनं डोळ्याले पदर लावला. मंग खरं काम काढलं. "आता जुनं विसरू या. आमच्या मातोश्री अंथरुणावर आहेत. उद्या बरंवाईट झालं तर वस्तीनं पूर्वीसारखा सांगावा न्यावा, श्रावनजींच्या नावानं. हीच त्यांना खरी श्रद्धांजली."

मामा, बंदूक तेवढी नव्हती. बाकी सारी अमेरिका. हातात हात, डोळ्यात पानी, घंटा वाजवाले सारे तयार. उलट अमेरिकेवाले बरे. त्याइनं निदान माफी जमीनदाराच्या पोराले मांगाले लावली. यानं ती बी तुह्याच तोंडात घातली. अन् मले वाटते बापूसाहेबाले हे खरंच असं आठवत असन. रडता रडता त्याइचा सोताचा बी भरोसा बसला असन. वाईट मानूस नाही तो. त्याले फक्त शेवट गोड पाह्यजे.

सतरंजीवरचे एकमेकाइच्या तोंडाकडं पाहाले लागले. प्रश्न तुहा नव्हता, तू तर गेला. प्रश्न उद्याचा होता. एकदा कोनी सांगावा घेऊन गेला का परवा दुसऱ्या घरचा येईन, मंग मेलेलं ढोर ओढाले बोलवतीन, अन् तू खाटेवर बसून जे थांबवलं ते पुन्हा चालू. अन् नाही म्हनलं तर गिरनी. हे साऱ्याइच्या तोंडावर दिसून राह्यलं होतं. तात्या उठले, वस्तीतले साऱ्यात वयस्कर. हात जोडले अन् म्हनू लागले, "आता श्रावनच जर तसं म्हनला असन, तर..."

मी उभा राह्यलो. मामीनं मांगून माहा सदरा धरला, तिले वाटलं मी भांडीन. मी भांडलो नाही. मी पिक्चर लावला.

पहिले बापूसाहेब काढले. त्याइचं खाकरनं, दोनदा बारीक अन् एकदा मोठं. सतरंजीवरचे पोट्टे हासले, खुर्चीवरचे बी हासले. "काय श्रावन, कसं आहे?"

मंग तुहा आवाज काढला. "आहे."

हासनं तिथंच मेलं. मामीच्या हातातून सदरा सुटला. मी सारं सांगतलं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. थांबलो बी तुह्याएवढंच. त्या थांबन्यात कुठंतरी एक म्हैस रेकली अन् तरी कोनी हाललं नाही. "केळं घे, बापू." बापूसाहेबानं खिशातून रुमाल काढला अन् तोंड पुसलं, जसं केळं आताच खाल्लं. "मंग वस्तीले काय सांगू?"

"सांग, श्रावन नाही म्हनला."

मी खाली बसलो. तात्या अजून उभेच, हात जोडलेले. त्याइनं हात खाली सोडले. म्हने, "हा. असा बोले तो. माफी मांगताना त्याचा आवाज कसा होये, ते आपल्याले काही माहीत नाही बावा. कधी आयकलाच नाही." अन् बसले. त्याइच्यासंगं सारी सतरंजी जशी पुन्हा बसली. बापूसाहेब म्हने, "हा नकल्या पोरगा, याचं काय आयकता?" पन खुर्चीवरचा एक जन हळूच बाजूच्याले इचारून राह्यला होता, "केळं खरंच खाल्लं का?"

बुधवारी गिरनीवाल्यानं वस्तीचं दळन वापस केलं. म्हने, पट्टा तुटला. पट्टा फक्त आपल्या ज्वारीले तुटते. घरोघरी दळाचे दगडी जाते बाहेर निघाले. कोनी मले दोष देल्ला नाही, पन मी बी जात्यावर बसलो, अन् माह्या हाताले फोड आले, ते पाहून बाया हासल्या. तू असता तर तू बी हासला असता.

मामी दोन दिवस माह्यासंगं बोलली नाही. मंग म्हने, "पुन्हा त्याचा आवाज काढू नोको." मी बरं म्हनलं. चूल पेटवता पेटवता, माह्याकडं न पाहता म्हने, "एकदा काढ." तू घरी काय बोले, ते आठवलं. मी तुह्या आवाजात म्हनलं, "भाकर झाली का?"

ती म्हने, "होते. बसा."

अन् तिनं परात पुढं ओढली.

काल रात्री बापूसाहेबाची आई गेली. बाईचं मले वाईट वाटलं. गाव बंद होतं तवा तिनं एकदा मामीले लपून मीठ देल्लं होतं. आज सकाळी वस्तीच्या तोंडाशी सायकल थांबली. बापूसाहेबाचा पुतन्या, अमरावतीले कॉलेजात शिकते, इस्त्रीचा सदरा. त्याच्याजवळ सोयऱ्याइच्या गावाइची नावं होती, रस्ते नव्हते. त्याच्या घरात कोनालेच माहीत नव्हते. ते लोकं सडकेनं बंडीत जात. नाल्यापलीकडच्या पायवाटेनं त्याइच्यातलं कधी कोनी गेलंच नाही, मेल्याची खबर त्या वाटेनं दुसराच कोनी नेत होता.

"नाल्यापलीकडच्या गावाले कसं जाते?" त्यानं इचारलं.

मामी जात्यावरून उठून बाहेर आली. नीट सांगतलं. "पळसाच्या झाडाइतून खाली उतर. नाला लागन. पलीकडं पांदन आहे, ती सोडू नोको. पुढं दोन वाटा फुटतात, कुत्रे भुंकतीन तिकडची धर."

"कोनी संगं येता का? वाटेपुरतं."

वाईट पोट्टा नव्हता तो. रातभर झोपला नसन, डोळे लाल होते. मामीनं माह्याकडं पाह्यलं. तात्या ओट्यावर होते, त्याइनं बी पाह्यलं.

मी म्हनलं, "नाही, भाऊ."

त्यानं सायकल भिंतीले टेकवली. मंग पानी मांगतलं. मामीनं गडू देल्ला, त्यानं उभ्या उभ्या रिकामा केला अन् वापस तिच्या हाती देल्ला. नाल्यावर त्यानं सायकल खांद्यावर घेतली. पलीकडच्या चढावर दोनदा थांबला, मंग दिसेनासा झाला.

मामी तिकडंच पाहून राह्यली होती. म्हने, "तिथं त्याले घरात बसवतीन, च्या देतीन. तुह्या मामाले आंगनात उभं ठेवत अन् भाकर वरून टाकत." तिनं पदर खोचला अन् जात्यावर जाऊन बसली.